डोकं लढवा : समुद्रतळाशी सहा ठिपके

दोस्तांनो, या आठवड्याचं कोडं पाण्याखाली आहे. अगदी तळाशी! तेव्हा श्वास रोखा आणि चला.

जागा आहे होएन नावाच्या प्रदेशातली. नकाशाच्या पुस्तकात होएन शोधू नका, सापडायचा नाही. तो आहे 'पोकेमॉन रूबी' आणि 'पोकेमॉन सफायर' या जुळ्या व्हिडिओ गेममध्ये. हे गेम २००२ साली जपानमध्ये आले आणि २००३ मध्ये इंग्रजीत. ते 'गेम बॉय अॅडव्हान्स' या हातात मावणाऱ्या यंत्रावर खेळायचे. तुमच्यापैकी काहींच्या दादाला, ताईला किंवा मामाला ते आठवतही असतील. विचारून बघा.

या खेळात समुद्राचा एक पट्टा आहे, तिथं प्रवाह जोरात ओढून नेतो. त्यात नेमक्या जागी बुडी मारली आणि पुन्हा वर आलं, की आपण एका बंद खोलीत पोचतो. खोलीत माणूस नाही, पाटी नाही, बाण नाही. भिंतींवर फक्त दगडी फलक. जवळ जाऊन बटण दाबलं की पडद्यावर उमटतात ठिपके. कुठे एक, कुठे दोन, कुठे चार. खाली कसलंही भाषांतर नाही. घ्या आता!

तुम्ही काय केलं असतं? बहुतेकांना वाटलं, नक्षी असेल. काहींना वाटलं, गेम बिघडला. पण ज्यांनी वही-पेन्सिल घेतली, त्यांच्या लक्षात आलं की ठिपके वाट्टेल तसे पडलेले नाहीत. ते दोन उभ्या ओळींच्या चौकटीत बसतात, आणि एका चौकटीत सहापेक्षा जास्त ठिपके कधीच नसतात.

ओळखलंत? शाबास! ती ब्रेल लिपी होती. अंध माणसं बोटांनी वाचतात ती.

आता हे कोडं रचणाऱ्यांची हुशारी बघा. इंग्रजी गेमच्या त्या पहिल्या खोलीत आठ फलकांवर चक्क मुळाक्षरं आहेत. एकावर ए-बी-सी, दुसऱ्यावर डी-ई-एफ, असं करत शेवटी डब्ल्यू-एक्स-वाय-झेड. ही वाटणी कुठं पाहिल्यासारखी वाटते ना? टेलिफोनच्या बटणांवर २ ते ९ या आकड्यांखाली अक्षरांची अशीच वाटणी असते. म्हणजे आधी लिपी शिकवायची आणि मगच परीक्षा घ्यायची. गेमबरोबर मिळणाऱ्या छापील पुस्तिकेतही ब्रेलचा तक्ता होता. कोडं कठीण होतं, पण लबाड नव्हतं.

मुळाक्षरं जमली की समोरच्या भिंतीवरचा फलक वाचता येतो. तो म्हणतो, इथं खणा. खणलं की आतली खोली उघडते. तिथं मोठा मजकूर आहे. पूर्वी इथं राहणाऱ्या लोकांनी एका ताकदवान पोकेमॉनला भीतीपोटी कोंडून ठेवलं, आणि आता कुणी धीराचं असेल तर त्यानं दार उघडावं, असा त्याचा मतलब. शिवाय दार कसं उघडायचं त्याची सूचनाही आहे. आपल्याजवळच्या पोकेमॉनच्या रांगेत पहिला ठेवायचा रेलिकँथ नावाचा मासा आणि शेवटचा वेलॉर्ड नावाचा अगडबंब देवमासा. (रेलिकँथ हा सीलाकँथ या खऱ्या माशावरून काढलेला आहे. सीलाकँथ केव्हाच नामशेष झाला अशी शास्त्रज्ञांची समजूत होती, आणि १९३८ साली तो दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रात जिवंत सापडला!)

रांग बरोबर लागली की जमीन हादरते. आणि दूर कुठंतरी तीन गुहांची दारं उघडतात. प्रत्येक गुहेत पुन्हा ब्रेलमधलाच निरोप. एकीत सांगितलंय, दोन पावलं उजवीकडे जा, दोन खाली जा, मग जोर लावा. दुसरीत सांगितलंय, खोलीच्या मध्यभागी येऊन उडा. आणि तिसरीत? काहीच करू नका! खरंच सांगतो. दोन मिनिटं एकही बटण न दाबता गप्प उभं राहायचं. बोटं शिवशिवणाऱ्या मुलांना ही शिक्षाच की! हे जमलं की रेजिरॉक, रेजिआइस आणि रेजिस्टील हे तीन पोकेमॉन भेटतात. एक दगडाचा, एक बर्फाचा, एक पोलादाचा.

पुढची गंमत ऐका. २००४ साली जपानमध्ये याच खेळाची 'एमरल्ड' ही नवी आवृत्ती आली. तिच्यात रांगेचा क्रम उलटा केला होता. देवमासा पहिला, रेलिकँथ शेवटचा! गुहांमधल्या सूचनाही बदलल्या. ज्यांनी मित्राकडून उत्तर ऐकून पाठ केलं होतं, ते दारापाशी अडकले. ज्यांना लिपी वाचता येत होती, ते फलक वाचून सरळ आत गेले. घोकंपट्टी करणाऱ्यांनी यावरून काय तो धडा घ्यावा, आम्ही काही बोलत नाही!

आता ही लिपी आहे तरी कशी? पाच मिनिटांचं काम आहे, बघा.

एका चौकटीत सहा जागा. डावीकडे वरून खाली १, २, ३. उजवीकडे वरून खाली ४, ५, ६. प्रत्येक जागी ठिपका असेल किंवा नसेल. गणितातल्या दोस्तांनी पटकन सांगा, किती आकृत्या होतील? सहा वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार केला की ६४. त्यातली एक अगदी कोरी, ती सोडली तर ६३. एवढ्या आकृत्यांमध्ये अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, गणित, अगदी गाण्याची नोटेशनंसुद्धा बसवली आहेत.

इंग्रजीची पहिली दहा अक्षरं, ए पासून जे पर्यंत, फक्त वरच्या चार जागा वापरतात. ए म्हणजे १. बी म्हणजे १-२. सी म्हणजे १-४. पुढची दहा अक्षरं करायला तीच पहिली दहा घ्यायची आणि प्रत्येकात ३ नंबरचा ठिपका वाढवायचा. ए चं झालं के : १-३. बी चं झालं एल : १-२-३. सी चं झालं एम : १-३-४. त्यापुढच्या अक्षरांसाठी ६ नंबरचाही ठिपका वाढवायचा. एकटं डब्ल्यू तेवढं या शिस्तीत बसत नाही. कारण ही लिपी फ्रान्समध्ये जन्मली, आणि तेव्हाच्या फ्रेंच मुळाक्षरांत डब्ल्यूला जागाच नव्हती. तो पाहुणा मागाहून आला.

एवढी नीटस लिपी कुणी बरं शोधली असेल? मोठमोठ्या पंडितांच्या समितीनं? छे! एका शाळकरी मुलानं.

त्याचं नाव लुई ब्रेल. जन्म ४ जानेवारी १८०९, पॅरिसजवळच्या कूव्रे या गावी. वडील घोड्यांचं खोगीर आणि चामड्याचं सामान बनवायचे. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कामाच्या जागी खेळत होता. खेळता खेळता चामडं भोकायचं टोकदार हत्यार त्याच्या एका डोळ्याला लागलं. जखम चिघळली, दुसरा डोळाही गेला. दहाव्या वर्षी, म्हणजे १८१९ साली, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला.

त्या शाळेत पुस्तकं होती, पण कशी? नेहमीची रोमन अक्षरं कागदावर फुगवून छापलेली. पुस्तकं मोठी आणि जड, वाचायचा वेग गोगलगाईचा. एकेक अक्षर चाचपत बसायचं. आणि त्या अक्षरांत स्वतः लिहायचं कसं? ते तर फारच कठीण.

मग शार्ल बार्बिए नावाच्या एका माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. तिच्या एका चौकटीत बारापर्यंत ठिपके असायचे. कल्पना उत्तम, पण बोटाच्या टोकाखाली एका वेळी बारा ठिपके मावायचे नाहीत. बोट वर-खाली फिरवावं लागे. लुईनं त्यावर डोकं लढवलं आणि बाराचे सहा केले. सहा ठिपके बोटाच्या टोकाखाली एकदम बसतात. बोट थांबत नाही, सरकत राहतं. १८२४ साली ही लिपी त्याच्या मनात बरीचशी तयार झाली होती. तेव्हा त्याचं वय पंधरा. तुमच्यातल्या दहावीच्या ताई-दादांएवढं! १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली.

पण मोठ्यांना ती लगेच पटली नाही. डोळस शिक्षकांना वाचता न येणारी लिपी शाळेत कशाला, असंही काहींना वाटे. १८४० नंतर शाळेच्या नव्या प्रमुखांनी काही वर्षं तिच्यावर बंदीच घातली. मुलांनी काय केलं असेल? ती गुपचूप ठिपके टोचून एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत राहिली. लुई १८५२ साली क्षयानं गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्सनं त्याची लिपी अधिकृत मानली.

म्हणजे बघा हं. ब्रेल एकदा खरोखरच गुप्त लिपी होती, पण ती कुणाची हौस नव्हती. मोठ्यांच्या बंदीमुळे तशी वेळ आली होती. एरवी गुप्त लिपी कशासाठी असते? दुसऱ्याला कळू नये म्हणून. लुईनं मात्र आपली लिपी केली ती आपल्यालाही सगळं कळावं म्हणून. पुस्तकं वाचता यावीत, पत्र लिहिता यावं, हिशेब करता यावा.

आणि इथंच आपल्या समुद्रतळाच्या कोड्यात एक मोठी खोच आहे. तुमच्या ध्यानात आली का? जरा थांबा आणि विचार करा. पुढचं लगेच वाचू नका.

केलात विचार? तर ऐका. पडद्यावरच्या त्या ब्रेलला हात लावला तर काय लागतं?

गुळगुळीत काच!

ठिपके दिसतात, पण लागत नाहीत. समजा, त्या खोलीपाशी अडकलेल्या मुलाशेजारी एक अंध मुलगी बसली आहे. तिला तक्ता लागत नाही, वही-पेन्सिल लागत नाही. कागदावर हाच मजकूर असता तर तिनं एका दमात वाचून दाखवला असता. त्या अख्ख्या खेळात तिच्या लिपीतलं जे काही आहे, नेमकं तेच तिच्या बोटांना वाचता येत नाही. दार उघडण्यात सगळ्यात तरबेज असलेलीच दाराबाहेर राहते.

म्हणून हे कोडं वाईट आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. कितीतरी डोळस मुलांना या खेळामुळे ब्रेल पहिल्यांदा भेटली. इतर खेळांमध्ये खोट्या, बनवलेल्या लिप्या असतात. खेळ संपला की त्या निकामी. ही लिपी मात्र खेळ बंद केल्यावरही कामाला येते. आपल्या मतदान यंत्रावर उमेदवारांच्या बटणांशेजारी ब्रेलमधले आकडे असतात. कित्येक लिफ्टच्या बटणांवर ठिपके असतात. लुईच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा, २००९ साली, भारत सरकारनं त्याच्या स्मरणार्थ दोन रुपयांचं नाणं काढलं. जुनी नाणी जमवणाऱ्यांनो, डबा उघडून बघा!

पण कोडं चांगलं असलं तरी अर्धंच आहे. दुसरा अर्धा भाग जपानमधल्याच एका माणसानं पाच वर्षं आधी करून दाखवला होता.

त्याचं नाव केन्जी एनो. तो व्हिडिओ गेम बनवायचा. आपले गेम अंध माणसंही खेळतात हे कळल्यावर त्याला नवल वाटलं. दिसत नसताना ती खेळत होती, आवाज लक्षात ठेवून. मग त्यानं ठरवलं, असा खेळ करायचा की डोळस आणि अंध दोघांनी अगदी सारखाच खेळावा. १९९७ साली 'सेगा सॅटर्न' यंत्रासाठी त्याचा 'रिअल साउंड : काझे नो रिग्रेट' आला. त्यात चित्रंच नाहीत! आकाशवाणीवरच्या नभोनाट्यासारखी गोष्ट ऐकायची, आणि मध्येच घंटी वाजली की पुढं काय करायचं ते आपण निवडायचं. खोक्यात खेळायच्या सूचना होत्या, त्याही ब्रेलमध्ये. कागदावरच्या, बोटांना लागणाऱ्या ठिपक्यांत. आणि हा खेळ फक्त सेगाच्या यंत्रावर आणायला एनोनं एक अट घातली होती. कंपनीनं एक हजार यंत्रं अंध लोकांना द्यायची!

एका खेळात ब्रेल पडद्यावर होती, दुसऱ्यात खोक्यात. दोन्ही खेळ जपानचे, दोन्ही करणारे हुशार. फरक एवढाच की दुसऱ्यानं आधी विचारलं, "खेळायला कोण कोण येणार आहे?"

हा प्रश्न पुढं आणखी लोक विचारू लागले. २०२० साली आलेल्या एका गाजलेल्या गेममध्ये ('द लास्ट ऑफ अस भाग २', तो मोठ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही!) साठाहून अधिक सोयी आहेत. त्यांच्या आधारानं पूर्णपणे अंध खेळाडूंनीही तो शेवटपर्यंत खेळला आहे.

आता आपल्या घरातलं. मराठी ब्रेल असते का? असते तर! १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' ठरवण्यात आली. तिच्यात ठिपके आवाजाप्रमाणे दिलेले आहेत. मराठी क आणि इंग्रजी के, दोन्ही १-३. हिंदीतला, गुजरातीतला, बंगालीतला क सुद्धा १-३. आपल्या छापील लिप्या वेगवेगळ्या, पण ठिपके एकच!

आणखी एक मजा. 'किती' लिहिताना आपण ह्रस्व वेलांटी क च्या आधी काढतो, पण उच्चार तर नंतर करतो. ब्रेलमध्ये असा घोळ नाही. क, मग इ, मग त, मग ई. बोलतो त्याच क्रमानं लिहायचं. पहिलीतल्या धाकट्या भावाला हे सांगा, तो म्हणेल मला हीच लिपी शिकवा!

या आठवड्याचा उद्योग असा. एक जाड कागद घ्या, जुन्या लग्नपत्रिकेचा चालेल. खाली चौपदरी नॅपकिन ठेवा. संपलेल्या रिफिलच्या टोकानं ठिपके दाबा, कागद फाटू देऊ नका. दोन ठिपक्यांमध्ये साधारण अडीच मिलिमीटर अंतर ठेवा. कागद उलटा केला की ठिपके वर आलेले लागतील. पण सावधान! उलटल्यावर डावं उजवीकडे जातं. म्हणून लिहिताना उजवीकडून सुरुवात करायची, आणि १-२-३ हे उजव्या बाजूला टोचायचे. अंध मुलं ब्रेल पाटीवर अशीच उलट लिहितात आणि सुलट वाचतात. आता डोळे मिटा आणि आपलंच अक्षर बोटानं वाचा. पहिल्यांदा काही कळणार नाही. चार दिवस करा. मग कळेल, हे वाचणारी बोटं किती तयारीची असतात.

मित्रांसाठी असं एखादं कोडं तुम्हीही रचा. अट एकच : ते डोळे मिटून सोडवता आलं पाहिजे.

आईबाबांसाठी दोन ओळी. मुलं गेम खेळतात म्हणून रागावण्याआधी एकदा शेजारी बसून, आत काय आहे ते विचारा. कधीकधी आत एक अख्खी लिपी निघते! आणि ओळखीत एखादं अंध मूल असेल तर मुलांना त्याच्याकडे मदत करायला म्हणून पाठवू नका. शिकायला पाठवा. या विषयात गुरू तेच आहे.

आणि आता या आठवड्याचं कोडं. समजा, आपल्या मराठी गुहेच्या दारावर हा निरोप कोरला आहे. दोन शब्द, प्रत्येकात तीन चौकटी.

पहिला शब्द : १-२-५, ३-४-५, २-३-४-५
दुसरा शब्द : १-२-३, ३-४-५, १-२-३-६

किल्लीसाठी ही अक्षरं घ्या. त्यात काही उगाच घुसवलेली आहेत, फसू नका!

अ : १
आ : ३-४-५
इ : २-४
ई : ३-५
क : १-३
ज : २-४-५
त : २-३-४-५
न : १-३-४-५
ब : १-२
म : १-३-४
र : १-२-३-५
ल : १-२-३
व : १-२-३-६
स : २-३-४
ह : १-२-५
ळ : ४-५-६

उत्तर पुढच्या अंकात. ते सापडलं की तुम्हाला कळेल, आपल्या गुहेचं दार त्या समुद्रतळाच्या दारापेक्षा वेगळं का आहे. आणि उत्तर पाठवाल तेव्हा नुसतं लिहून पाठवू नका. टोचून पाठवा. आम्ही बोटांनी तपासणार आहोत!